विरळणी

करार साधा होता:
पाच तास काम, तीन वेळचं जेवण, एक खाट,
आणि कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत.
अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्वेच्छानिवृत्ती घेऊन,
मी चिलोए नावाच्या बेटावर उतरलो,
पायात नवे गमबूट, खिशात गुडघ्यांच्या गोळ्या.

एदेल्मिरा नाउएलकिन माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
तिनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले,
बाजारात बैल पाहावा तसे,
आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. बाल्दोमेरो हसला.
मी अर्थ विचारला नाही.

तिचा नातू टोपली घेऊन आला. "पापा?"
मी वाकून गाल पुढे केला.
पापा म्हणजे तिकडे बटाटा.
जांभळे, वेडेवाकडे, बोटाएवढे बटाटे.
घरभर हशा पिकला,
माझं तिथलं पहिलं पीक.
पोरानं तरीही एक बटाटा, मातीसकट,
माझ्या गालाला टेकवला.

ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर जायचो.
समुद्रानं टाकलेलं शेवाळ काट्यानं उचलायचं,
गाडीत भरायचं, शेतात पसरायचं.
हाच आमचा युरिया, असं काहीसं
बाल्दोमेरो म्हणाला असावा.
तिसऱ्या दिवशी मला स्वतःचा वास येईनासा झाला,
म्हणजे बाकी सगळ्यांना येत असणार.

मग गाजरांचा वाफा.
एदेल्मिरानं एक तण दाखवलं, एक रोप दाखवलं.
हे काढ. हे ठेव.
मी मान हलवली.
आपली मान तिकडे नेमकं काय सांगते, कोण जाणे.

तेहतीस वर्षं मी ताळेबंद जुळवले.
तण खाई धन, हे पाठ होतं.
तण ओळखायचं कसं, ते म्हणीत नव्हतं.
दोन तासांत मी एक ओळ इतकी स्वच्छ केली
की तिच्यात फक्त तण उरलं.

ती आली. उभी राहिली.
कुंपणावर कुठलासा पक्षी बोंबलत होता,
तेवढाच आवाज.
मी सुकत चाललेली रोपं पुन्हा खोचायला लागलो,
केसाएवढी मुळं, बोटांत मावेनात.
तिनं माझं मनगट धरलं.
गाजराला जागेवरून हलवलं की ते रुसतं, त्याला फाटे फुटतात,
हे मला संध्याकाळी तिच्या लेकीनं, यास्नानं,
फोनला विचारून सांगितलं.
फोनचं मराठी फारच शुद्ध होतं:
"कृपया दुःखी होऊ नये. भोजन तयार आहे."

रश्शात हिरवं काहीतरी तरंगत होतं,
बारीक, शेपूसारखं.
सगळ्यांनी खाल्लं. मीही.
माफी मागायला कुणी जागाच ठेवली नाही.
"अजून?" असं भुवयांनी विचारून
तिनं डाव पुढे केला.

झोप येईना म्हणून बाहेर आलो.
आकाशात मृग खाली डोकं वर पाय.
तिकडे तो असाच दिसतो, हे पुस्तकात वाचलं होतं.
तरी मान वाकडी करून पाहत राहिलो,
जणू चूक त्याचीच आहे.

सकाळी तिनं ती ओळ मलाच दिली.
तळहातावर बी ओतलं,
शिंक आली असती तर सगळा हंगाम गेला असता
इतकं हलकं.
मी दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, सरळ रेघ मारली.
थोड्या वेळानं दोरी ती सोडवून घेऊन गेली.
वासराला हवी होती.
उरलेली ओळ मी नजरेनं पेरली.

माझा मुक्काम तीन आठवड्यांचा.
गाजराला लागतात तीन महिने.
निघायच्या आदल्या दिवशी मातीतून
दोन पानं वर आली होती,
आणि त्यांना खेटून आणखी दोन,
जराशी वेगळी. किंवा नसतीलही.
गुडघे टेकून बराच वेळ बघत बसलो.
एकालाही हात लावला नाही.