शंभर गुण, चौघांत

फॉर्म रात्री अकरा एकोणसाठला बंद होणार.
विश्रामबागच्या खोलीत पंखा, मी
आणि शंभर गुण,
चौघांत वाटायचे, स्वतःला धरून.
बेरीज चुकली तर पान पुढं सरकत नाही.

निनावी आहे, मॅडम म्हणाल्या, मोकळेपणी लिहा.
मोकळेपणी म्हणजे
कुणाच्या तोंडाकडं न बघता.

आमचं यंत्र दोन काडेपेट्यांएवढं.
बेदाण्याच्या शेडमधली दमट हवा मोजतं,
जास्त झाली की मालकाच्या फोनवर शिट्टी.
आफरीननं सर्किट जोडलं,
पद्मराजनं स्लाइड रंगवल्या, निळ्यावर पांढरी अक्षरं,
उरलेलं सगळं मी.
असं मला वाटायचं.
चौथा मलकारी पुजारी, उमदीचा.
रविवारच्या ऑनलाइन बैठकीत त्याचं नाव
काळ्या चौकोनात उगवायचं,
वर एक चकती गरगर फिरायची,
मग दोन्ही जायचं.

प्रश्न पहिला : सदस्य वेळेवर हजर असतो का?
मी दोन दिले.
संवाद? दोन.
योगदान?
इथं बोट थांबलं, कारण
फेब्रुवारीतल्या तीन रात्री तासगावच्या शेडमध्ये
तो द्राक्षांच्या जाळ्यांखाली झोपला होता,
यंत्र खोटं बोलतंय का बघायला.
दर तासाला उठायचं,
ओलं फडकं बांधलेला थर्मामीटर वाचायचा,
आणि उसाच्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडा.
त्या पावत्या माझ्या वहीत आहेत अजून,
गंधकाचा वास मारतात.
वासाला रकाना नव्हता.
तीन दिले. मग साडेतीन द्यावेत म्हटलं,
तर अर्धा गुण फॉर्म घेत नाही.

मला बत्तीस, आफरीनला अठ्ठावीस,
पद्मराजला बावीस, मलकारीला अठरा.
हिरवी खूण आली.
एवढा न्याय केल्यावर झोप चांगली लागते.

सोमवारी माझ्याविषयीचं आलं, तिघांचं, नावं पुसून.
‘नेतृत्वगुण वाखाणण्याजोगे.’ बत्तीस.
असले शब्द फक्त पद्मराजच्या स्लाइडवर राहतात.
‘रात्री दोनला मेसेज करू नये, घरचे उठतात.’ पंचवीस.
मिरजेची आफरीन. मान्य.
आणि तिसरं :
‘सन्मती लई हुशार आहे. सगळा काम केली.
फक्त आमचा बोलणं मधीच कापतो.’
चाळीस.

नाव पुसता येतं. व्याकरण कशानं पुसणार?
जतच्या पुढं मराठी कन्नडच्या उंबऱ्यावर बसते,
तिथं काम पुल्लिंगी झालं, बोलणंही,
शेवटी मीही.
अहवालातली त्याची अशी वाक्यं
वर्षभर मीच दुरुस्त करत आले,
आधी एकदा मोठ्यानं वाचून, सगळ्यांना हसवून.
तोही हसायचा.
हे एवढं एक वाक्य माझ्या हाती नव्हतं.

मला चाळीस, मग स्वतःला किती ठेवले असतील?
वहीच्या मागं मांडत बसले :
अज्ञात तीन, समीकरण एक.
पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं,
हे सुटत नाही.

दुपारी कॅन्टीनला तो समोर.
मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही, असा नियम.
माझे अठरा त्याला कळलेत का,
तेही विचारायचं नाही.
मधे कागदावर भडंग, वर चिरलेला कांदा.
तो म्हणाला, ‘ते मशीन पहाटे चार वाजता
दोन टक्के जास्त दाखवतंय बघ, रोज. मला वाटतंय…’
आणि थांबला, सवयीनं,
मी बोलेन म्हणून जागा ठेवून.

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. सेन्सर स्वस्तातला आहे.
मी भडंगाचा मोठा बकाणा भरला.
चावत राहिले.
पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता.
त्याला वेळ लागला. लागू दिला.

‘पहाटे तारेवर दव बसतो,’ तो म्हणाला.
‘तिसऱ्या रात्री हात लावून बघितलो मी.’

फेब्रुवारीपासून हे त्याच्या तोंडात होतं.

दव बसतो, मी म्हणाले.
वही काढली आणि तसंच लिहिलं :
दव बसतो.