चौदा नंबर

फाइल उघडली तर पडदा कोरा.
'सगळं दाखव' म्हटलं, तसा नकाशा खाली घसरत गेला,
कोल्हापूर गेलं, किनारा सुटला,
आणि मालदीवच्याही खाली, विषुववृत्तावर,
निळ्या पाण्यात एक ठिपका:
अप्पर इंदिरानगरची ड्रेनेज लाईन.

सुहेल तांबोळी म्हणाला, मॅडम,
जेटिंगची गाडी एवढ्या लांब जायची नाही.

खळदकरांनी काढलेलं, एकोणनव्वद साली,
ट्रेसिंगवर, शाईनं. पुढे कुणी ते संगणकात गिरवलं
कागदाचा डावा खालचा कोपरा धरून:
इथे शून्य. इकडूनही शून्य.
चूक कसली त्यात. कागदाला कोपरा लागतो,
जगाला कुठे असतो.

मग फूट आणि मीटरचा घोळ.
चार फुटी मॅनहोल चार मीटरचं झालेलं,
आत रिक्षा मावली असती, वर छत्रीसकट पोलीस.
पॉइंट तीन शून्य चार आठ नं गुणलं,
वस्ती अंग चोरून
आपल्या मापाची झाली.

पण तिरकी.
बाणाखाली 'उत्तर' लिहिलेलं,
आणि ते उत्तर सतरा अंशांनी कललेलं,
कारण कॅनॉलकडची गल्ली शीटमध्ये बसत नव्हती.
मीही अशी कितीदा दिली आहेत उत्तरं,
कागदात मावतील अशी.

दोन खुणा हव्यात, ज्या तिथेही आहेत आणि इथेही.
टाकीचा पाया एक. दुसरी
'पि. गिरणी, ई. को.' – ईशान्य कोपरा.
गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान,
जोत्यावर शेवंताबाई ओव्हाळ, लसूण सोलत.
आम्ही जीपीएसचा दांडा रोवायला गेलो तर म्हणाल्या,
"जोतं तेच हाय. वरचं बदललं.
तुजी काठी लाव की माज्या शेजारी, मला का उठवती?"
लावली.
तीन लाख ऐंशी हजार काहीतरी पूर्व,
वीस लाख बेचाळीस हजार काहीतरी उत्तर,
लसणाची सालं दोन्हीकडे उडत होती.

ऑफिसात येऊन बसवलं.
रेघा महासागरातून उठल्या
आणि गल्ल्यांच्या खाली अलगद शिरल्या,
एकेक झाकण आपापल्या झाकणावर.
फक्त चौदा नंबर
एक मीटर नव्वद सेंटिमीटर बाहेर.

दांडा पुन्हा लावला. तेवढंच.
खळदकर आता सासवडला असतात, ऐकू कमी येतं.
"चौदा?" ते ओरडले. "तिथं नळकोंडाळं होतं!
बायका हंडे ठेवून बसल्या, उठेनात.
शेवटी ठेकेदारानं खड्डा पश्चिमेला घेतला."
मग ड्रॉइंगमध्ये का नाही, काका?
"अहो, सही झाली होती.
सही झालेली रेघ वाकवत नाहीत."

शेवंताबाईंना विचारलं, तुम्ही होतात का त्यात?
"न्हाई बा. मी तवा माहेरी. बाळंतपनाला."

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे,
कागद रबरासारखा ताणायचा,
की प्रत्येक बिंदू मुकाट्यानं जाग्यावर येतो.
सर म्हणाले, ताण ना, कोण बघतंय.
मी ताणला नाही. चौदाला
तेवढं चुकू दिलं,
आणि जमिनीवरचं झाकण वेगळ्या रंगात दाखवलं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: बायका उठल्या नाहीत.
सरांनी ते खोडून घेतलं: 'स्थानिक अडचण'.
ठीक आहे.
घरी निघण्याआधी एक लेअर वाढवला,
छापताना न उमटणारा,
त्यात चौदाच्या पूर्वेला, एक नव्वदवर, एक बिंदू.
नाव दिलं नळकोंडाळं.
कुलूप लावून बंद केला.