करडईला हात लावायची वेळ

माझं माहेर वाळव्याकडचं, नदीकाठचं.
उसाच्या पात्यानं चिरलेले हात घेऊन मी नांदायला आले,
आणि वाटत होतं, पीक म्हणजे काय ते मला कळतं.

इथं जतपुढं, उमदीच्या वाटेवर,
विहिरीत डोकावलं की आधी खडक दिसतो,
नीट बघितलं की आणखी खडक.
शाळूच्या रानाला कडेनं करडईचे चार तास,
राखणीला बसवलेल्या माणसांसारखे.
मोठ्या जाऊबाई, गौरव्वा, तिला कुसबी म्हणायच्या.
त्यांच्या तोंडात अर्धी मराठी, अर्धं कानडी,
आणि दोन्हीत न मावणाऱ्या गोष्टीला
नुसती मान हलवणं.

उगवली तेव्हा भोळी वाटली.
महिनाभर फतकल घालून बसली भुईवर,
उठायचं नाव नाही.
(खाली मूळ किती खोल चाललंय, ते वरून कुणाला दिसतं?)
विरळणीची कोवळी रोपं लसूण-तिखटावर परतली,
गरम भाकरीशी खाल्ली.
मी म्हटलंसुद्धा, गरीब आहे हो पीक.
गौरव्वा चुलीकडं बघत राहिल्या.

पौष सरता सरता फुलली.
आधी हळदीसारखी, मग केशरी,
मग सुकत जाईल तशी लाल.
सुकताना रंग चढणारं फूल मी पहिल्यांदा पाहिलं.
आमच्याकडं सुकतं ते उतरतं.

काढणीला मी अकराच्या उन्हात गेले.
विळा माहेरचा, तोरा माहेरचा.
पहिल्या मुठीलाच कळलं:
ऊस तिरपा कापतो, ही सरळ आत शिरते.
बोटात, पोटरीत, चोळीच्या बाहीत,
घाम पुसायला गेले तर गालातसुद्धा.
रात्री बल्बखाली गौरव्वांनी
बाभळीच्या काट्यानं तिचे काटे काढले.
बोलल्या काहीच नाहीत.
सत्तावीसपर्यंत मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी तीनला खांद्याला हात लागला.
"एळव्वा, ऊठ."
हाताला जुन्या धोतराच्या पट्ट्या, पायाला गोणपाट,
आणि रानभर दहिवर.
"आता धर."
धरलं.
काटे होते तिथंच होते, एकही कमी नाही,
पण भिजलेले, सैल,
झोपलेल्या मांजराच्या नखांसारखे.
दिवस कासराभर वर आला की विळा खाली.
उरली तर उरली.
उद्याचं दहिवर उद्या.

मधे एकदा मिरजेहून एक पोरगा आला, मोटारसायकलवर,
बिनकाट्याचं बियाणं घेऊन.
पाकळ्या किलोवर घेतो म्हणाला,
शहरात चहा करतात म्हणे, गुडघ्यांना बरा.
अर्धा एकर पेरली.
हात घालावा तसा परत यायचा, अगदी रिकामा.
मला चुकल्यासारखं व्हायचं.
दोन दिवस पाकळ्या वेचल्या, सावलीत पसरल्या,
तिसऱ्या रात्री माडग्याळची मेंढरं शिरली.
सकाळी रानात लेंड्या होत्या आणि ऊन होतं.

आता मधे ती, आणि भोवती ही.
मधलीच्या पाकळ्या मिरजेला जातात,
कडेचीचं तेल लाकडी घाण्यावर निघतं, घरात राहतं.
माझ्या मुलीला मधलीच आवडते.
आवडू दे.

परवा रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटेना.
पुसा, म्हणाला दुकानदाराचा पोरगा. परत ठेवा.
दुसरं बोट. तिसरं.
मशीन लाल दिवा दाखवत राहिलं.
रांगेत मागं गौरव्वा होत्या, पिशवी डोक्यावर धरून.
तिथूनच ओरडल्या,
"आत्ता न्हाई उमटायचा तो.
पहाटं आण म्हणावं मशीन, दहिवरात."