तिसऱ्या स्टुलासमोरचा डॉलर

दिवा डावीकडून. नाणं तिरपं.
चिमटीत धरायचं ते कडांनीच,
चांदीवर बोट उमटलं
की माणूस जातो, ठसा राहतो.

बाहेर ब्यूट गावात फेब्रुवारी, उणे वीस,
बंद खाणींचे मनोरे टेकडीवर बेकार उभे.
लेम्पी हाउतालाने हातमोजे न काढताच
रुमालाची गाठ सोडली.
अठराशे चौऱ्याऐंशी, न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ.
"किती मार्क?" तिने विचारलं,
नातवाचा निकाल घ्यायला शाळेत आल्यासारखं.

आमची पट्टी सत्तरची.
साठाच्या वर बसतात ते डॉलर, जे कधी खर्चच झाले नाहीत,
तिजोरीत, कापडी थैल्यांत,
एकमेकांवर आपटत पडून राहिले.
गालावर खोका असतात त्यांच्या. झीज नसते.
आणि 'गुड' म्हणजे, हसू नका,
'गुड' म्हणजे जवळजवळ गेलेलं.
चार मार्क. फार तर सहा.

भिंग लावलं.
बाईच्या कानावरचे केस आधी जातात,
इथे कानही गेलेला.
कपाळपट्टीवरची अक्षरं कुणीतरी गिळलेली,
गाल म्हणजे नुसता गोलसर उजेड.

उलटं केलं.
आणि गरुड!
छातीवरचं पीस न् पीस उभं,
पंजातले बाण टोचतील असे.
अठ्ठावन्न. डोळे मिटून अठ्ठावन्न.
नाण्याला दुसरी बाजू असते हे ऐकून होतो,
पण दोन बाजूंच्या मध्ये
एवढी वर्षं मावलेली पाहिली नव्हती.

"असणारच," लेम्पी म्हणाली,
"गरुड खाली चिकटवला होता."

ओकचा काउंटर, एकवीस फुटी,
त्यात डॉलर बसवलेले, चेहरे वर.
बार ऑक्टोबरात पाडला.
जुन्या बायकांना एकेक नाणं उचकटून दिलं.
हिने हे मागून घेतलं:
दारापासून तिसरं स्टूल.

मी कागदावर लिहीत गेलो.
मागे डिंकाचे डाग.
कड दुखावलेली, घड्याळात दहा वाजतात तिथे,
सात खाचा.
ती वाकून बघत होती, एकदम हसली.
"पेंगेलीचा चाकू!
दर शनिवारी टोकरायचा.
हा डॉलर निघाला की उधारी फेडतो, म्हणायचा."
"मग, निघाला?"
"तोच आधी निघाला. सत्त्याहत्तर साली."
"आणि उधारी?"
"एक्केचाळीस डॉलर. वही आहे माझ्याकडे."

पुढे लिहिलं:
चेहऱ्यावर बारीक ओरखडे, गोल, एकाच दिशेने.
घासलेलं.
घासलेल्या नाण्याला आकडा नसतो,
मी समजावलं, शक्य तितकं हळू.
चांदीच्या भावाने घेईन, वर पाच डॉलर.

"विकायचं कोण म्हणतंय?
मला मार्क हवे होते."

माझ्या कॉफीच्या कपाने काचेवर
ओलं वर्तुळ सोडलेलं.
ते तिच्या नजरेला आलं. नाणं तिथेच शेजारी ठेवलं होतं, चेहरा वर.
मऊ कातड्याचं माझं फडकं तिने उचललं
आणि खिडकीबाहेर बर्फ बघत, बस कधी येते ते बघत,
पुसलं:
डाग, काच, नाणं, पुन्हा काच,
डावीकडून उजवीकडे, एका गोलात,
मनगट जराही न थांबता.

भिंग अजून माझ्या डोळ्याला होतं.
ओरखडे त्याच दिशेचे.

ओरडायला हवं होतं मी. या धंद्यात
असं फडकं कुणी फिरवलं की ओरडतात.

बस आली. तिने नाणं रुमालात बांधलं,
दारात बूट आपटले, गेली.
'घासलेलं' मी खोडलं.
दुसरा शब्द सुचला नाही,
रकाना तसाच आहे.