तिरफळ

कंपनीनं वेंगुर्ल्याला पाठवलं,
बर्फाच्या फॅक्टरीचा कॉम्प्रेसर बसला म्हणून.
चार दिवस. जेवणाचा भत्ता रोज तीनशे, पावती असेल तर.
मिरजेहून निघताना वर्कशॉपातल्या मुजावरनं
गॅस्केटच्या खोक्याचं झाकण फाडून यादी लिहून दिली:
बांगड्याचं तिखलं. तिसऱ्यांचं सुकं.
शिरवाळे, नारळाच्या रसातले.
येताना खाजं, विसरायचं नाही.
"नशीब लागतं," म्हणाला, "आम्हाला कायम सोलापूरची डेअरी."

मी यादी खिशात घातली.
त्याला कुठं सांगणार होतो
की दोन वर्षांपूर्वी, कुपवाडच्या शीतगृहात
एक व्हॉल्व तोंडावरच सुटला
आणि तेव्हापासून मोगरा, गटार, फोडणी
सगळं एकाच रंगाचं आहे. म्हणजे बिनरंगाचं.

गळती मी वासानं शोधत नाही.
गंधकाची वात पेटवतो, सांध्यासांध्यावरून फिरवतो,
धूर जिथं पांढराफेक होतो, तिथं पाना लावतो.
घरी वात नसते.
घरी मी मालनच्या चेहऱ्याकडे बघतो
आणि म्हणतो, झकास झालंय.

गिरपांची खानावळ बंदराच्या वाटेवर,
चार टेबलं, एक मांजर, भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर.
पहिल्या दिवशी तिसऱ्या आल्या.
शिंपल्या उघडत बसलो, एकेक,
नट-बोल्ट वेगळे करून ताटाच्या कडेला मांडावेत तशा.
दुसऱ्या दिवशी सुरमई. रव्याचा करकरीत आवाज
कानाच्या मागपर्यंत ऐकला.
सोलकढी थंड होती, गुलाबी होती,
एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

तिसऱ्या दिवशी जयूबाय पदराला हात पुसत आली.
"मीठ कसा झाला हा, सांग मां. माका आज कळणा नाय, सर्दी झाली हा."

मस्त, म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.
पण बाईला खरंच हवं होतं उत्तर.
समोर सात खलाशी ताटं घेऊन बसलेले.
म्हटलं, "मला वास येत नाही हो. दोन वर्षं झाली.
चवही नुसती खारट, आंबट, एवढीच पोचते."

मांजर टेबलाखालून पार निघून गेलं.
"मगे मीठ तरी सांग!"
मी रस्सा चाखला. "कमी आहे. चिमूटभर."
तिनं पातेल्यात मीठ टाकलं, ढवळलं,
आणि जाता जाता म्हणाली,
"मेल्या, तीन दिवस फुकट 'बरा बरा' म्हणत होतंस!"

चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर लागला.
पहिली लादी साच्यातून सुटली तेव्हा
लवू हेल्परनं तिला नमस्कार केला.
दुपारी बांगड्याचं तिखलं, यादीतलं पहिलं नाव.
"तिरफळां वायच ज्यास्त घातलंय. चावू नको, नुसता तोंडात धर."

धरलं.
आधी काही नाही.
मग जिभेच्या टोकाला एक बारीक कंप,
ओठांवर पसरला, गालांत शिरला,
मशीन सुरू झाल्यावर पत्र्याच्या शेडला सुटतो तसा.
वास नव्हता. खोटं कशाला सांगू.
पण कुठून तरी गळत होतं, एवढं नक्की,
आणि वात न पेटवता सापडलं होतं.

"लागला मां कायतरी?"
जीभ बधिर. मी फक्त मान हलवली.
डोळ्यांतलं पाणी तिखटाचंच होतं, बहुतेक.

पावती मागितली तर तिनं कॅलेंडरचं
गेल्या महिन्याचं पान फाडलं,
मागं लिहिलं: जेवणां चार. पैशे तीनाचे.
अकाउंट्सवाले हे मंजूर करणार नाहीत.

सावंतवाडी डेपोत गाडीला उशीर.
पिशवीत खाजं, पुडीत वाळकी तिरफळं.
मालनला आधी पुडी द्यावी
की आधी ते दोन वर्षांचं सांगावं,
ठरत नाही.
एक टरफल काढून जिभेखाली ठेवलंय.
आंबोलीचा घाट येईपर्यंत
मला बोलता येणार नाही, हे एक बरं.