नाक्याचा अर्धा तास

भाचीचा स्टुटगार्टहून फोन :
"मामा, गाडी तुमीच चालवा."
मी वरूड डेपोचा, रिटायर.
बत्तीस वर्षं पांढुर्णा, मुलताई, मुक्कामी गाडी.

अमरावतीच्या आरटीओतून परवाना आणला,
त्यावरचा फोटो माझ्या बापाचा वाटते.
संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून
देश आखले :
जर्मनी, ऑस्ट्रिया,
मंग लिश्टेनश्टाइन, आपल्या तालुक्याहून लहान.
पंचफुला म्हणे,
"तिथं लघवीले उतरलं का देश संपला."
मंग स्वित्झर्लंड. मंग इटलीचं वरचं टोक.

स्टेअरिंग तिकडं डाव्या अंगाले.
सांजच्याला खळ्यावर उभ्या जीपच्या
डाव्या सीटवर बसतो,
उजव्या हातानं हवेत गिअर टाकतो.
गणोरकराचं पोरगं पाहते, हासत नाही.
"काका, समोरून काय येऊन रायलं?"
"ट्रक. इटलीचा."
थे बाजूले सरकते.

प्रत्येक सीमेपाशी मी अर्धा तास लिहिला.
भाची म्हणे, "मामा, नाके नाहीत तिथं.
बहुतेक कोणी थांबवत नाही.
निळी पाटी येते, अन् देश बदलते."
खोडलं.
रात्री पेन्सिलीनं पुन्हा लिहिलं.

कागद न दाखवता
दुसऱ्याच्या मुलखात शिराचं,
पाय आपसूक ब्रेकवर जाईन माह्या.
शिपाई खिडकीपाशी येईन
म्हणून काच खाली करीन मी,
अन् कोणीच येनार नाही.

पंचफुलानं पुठ्ठा पाह्यला.
म्हणे, "राहू द्या तो अर्धा तास.
डबा कुठं सोडाचा मंग?"