हजार रुपयांचा कान

खोक्यावर छापलंय: स्टुडिओ दर्जा.
आत काळा माइक, कमरेला सोनेरी पट्टी,
हातात घेतला तर रिकाम्या तांब्यापेक्षा हलका.
लेकीनं पुण्याहून पाठवला.
म्हणाली, पप्पा, आईचे शब्द भरून ठेवा,
अहिराणीतले, जे पुस्तकात सापडत नाहीत.
सोबत वहीच्या पानावर यादी, एकशे चाळीस शब्दांची.

पहिल्या दिवशी त्यात तिची आई नव्हतीच.
होती नुसती भुणभुण,
अमळनेरच्या सगळ्या तारांतून गोळा होऊन
माझ्या टेबलावर येऊन बसलेली.
फ्रिज बंद केला, ट्यूब बंद केली,
भिकनभाऊंची पिठाची गिरणी थांबेस्तोवर थांबलो.
भुणभुण तशीच.
मग माइकच्या नळीला सहज बोट लागलं
आणि ती गेली.
बोट काढलं, आली.
बावीस वर्षं मोटारी भरतोय,
एवढं तर कळतंच मला:
कुठेतरी अर्थ तुटलाय.

चार स्क्रू. त्यातला एक नुसताच फिरणारा.
आत पट्टी, नखाएवढे भाग,
आणि नळीकडे जाणारी तार
डाग न लागता नुसती टेकवून ठेवलेली,
लग्नात कोपऱ्यात उभा राहणारा पाहुणा जसा.
नळीचा रंग कानशीनं खरवडला, डाग दिला.
मे महिना, पंचेचाळीस अंश,
कूलर बंद, कारण वाऱ्यानं डाग धरत नाही.
हात लागलाच होता तर
स्वस्तातले दोन कपॅसिटरही बदलले,
टिचकी मारली की तेच वाजायचे.
जाळीच्या आतली दुसरी जाळी कापून काढली.
बायको म्हणाली, नवीन वस्तूची वाट लावली.

भुणभुण गेली.
आता चरचर. तडतड. तव्यावर मोहरी.
तीन रात्री शोधली.
डाग पुन्हा तापवले, तार बदलली, शिव्या दिल्या
ज्याच्यावर नुसती फुंकर मारली तरी बिघडतं त्या
सोनेरी पापुद्र्याला.
चौथ्या रात्री बॅटरीच्या उजेडात दिसलं:
सगळ्यात नाजूक पायाशी, जिथं
हजार मेगाओम अडवून बसलेत,
तिथं माझ्याच अंगठ्याचा ठसा.
घामाचं मीठ.
चोर घरातला निघाला.
कंपाउंडर धुडकूकडून स्पिरिट आणलं,
कापसाच्या काडीनं स्वतःला पुसून काढलं.

मग शांतता. एवढी, की
भिंतीवरल्या पालीचा पाय ऐकू यायचा.
रत्नप्रभाला समोर बसवलं.
तिनं पदर सारखा केला,
घसा खाकरला
आणि शाळेतल्या बाईंसारखं वाचायला लागली:
मुलगी. विहीर. भाकरी.
म्हटलं, अगं, तुझ्या माहेरचं बोल.
म्हणाली, तेच तर बोलतेय.
आणि पुन्हा: मुलगी.
यंत्रात काहीच बिघाड नव्हता.
मीटर बघितलं, डाग बघितले.
या बिघाडाला कुठं डाग द्यायचा ते मला येत नाही.
एक अख्खं पान असं भरलं, शुद्ध.

सव्वादहाला लाईट गेली.
शेजारपाजारचे सगळे कूलर एकदम गप्प झाले,
गावाच्या छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं.
लॅपटॉपवर अकरा टक्के. माइकचा दिवा जळतोच आहे.
मी हललो नाही.

"गई का लाईट? हाऊ कूलर बी बंद पडना.
मी सांगं व्हतं ना, माठ भरी ठेवा..."
अंधारात ती उठली, पायाला तार लागली,
तारेला एक शिवी, जी यादीत नाही,
मग हसली, पुन्हा बसली, पदराने वारा घेत
माझ्याशी नाही, कुणाशीच नाही असं म्हणाली,
"मन्ही आंडेर बी याडीच शे."

नऊ टक्के. आठ.
सकाळी ऐकलं. पदराचा वारा आलाय,
तारेची ओढ आलीय, दूर कुठेतरी कुत्रं.
लेकीला सगळं तसंच पाठवलं, काही न कापता.
यादीत "मुलगी" या शब्दापुढे
पेन्सिलीनं मिनिट लिहिलं, सेकंद लिहिला.

शिवीसाठी नवी ओळ आखली.
एकशे एक्केचाळीस.